माणसाचं डेमरेज

गोदीत माल पडून राहिला की डेमरेज लागतं. जहाजातून उतरलेला माल शेडमध्ये ठेवला की पहिले काही दिवस फुकट, त्यापुढं रोजचा दर सुरू, आणि दिवस वाढतील तसा दर चढा. म्हणून व्यापाऱ्याचा माणूस कागद हातात घेऊन सकाळपासून खिडकीशी धावत असतो. डाळीचं पोतं असो की लोखंडाची सळई, तिच्या पडून राहण्याची किंमत छापील तक्त्यात असते. आम्ही तो माल चढवतो-उतरवतो, म्हणून हे आम्हाला पाठ आहे.

माझा चुलता मुंबईत म्युनिसिपालटीच्या इस्पितळात चौतीस दिवस पडून होता. त्याचं डेमरेज कुणी भरायचं? या अंकाचा सवाल एवढाच आहे.

तात्या नाका कामगार. साठीला टेकलेला. परांचीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. अशा वयात खुबा मोडला तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, असं हाडाचे डॉक्टरच सांगतात. कारण माणूस पडून राहिला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गाठ होते, हाडाआधी मांस वितळतं. हे ज्ञान कुठं लपवलेलं नाही. त्याच वॉर्डातला पोरगेला डॉक्टर आम्हाला हे सगळं नीट समजावून सांगत होता. आणि सांगून झालं की म्हणायचा, "काका, उद्या बघू."

हा उद्या बावीस वेळा आला.

पायाला वजन लटकवून तात्या छताकडं बघत पडला. आधी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. एका ठिकाणी बापाचं नाव होतं, दुसऱ्या ठिकाणी ते अर्धंच. मग योजनेची मंजुरी अडली. मंजुरी आली तेव्हा लागून सुट्ट्या होत्या. सुट्ट्या संपल्या तर आत घालायचा रॉड आला नव्हता. रॉड आला त्या दिवशी ॲक्सिडेंटच्या केसेस आल्या आणि यादी पुढं गेली. तीनदा त्याला रात्रीपासून उपाशी ठेवलं आणि दुपारी सांगितलं, जेवा आता. तिसऱ्या वेळी तात्या म्हणाला, "आरं, गावाकडं दुष्काळातबी सांगून उपाशी ठेवत नव्हते."

ऑपरेशन दीड तासात झालं. चांगलं झालं, हे इथं लिहिलंच पाहिजे. त्या पोरगेल्या डॉक्टरच्या डोळ्यांवर दोन रात्रींची झोप होती, तरी त्याचा हात चुकला नाही. एकेका सिस्टरकडं चाळीस-चाळीस पेशंट. त्यांच्यावर दात खाऊन काही होणार नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्यानंतर सहा दिवस कशात गेले? सहीत. एक कागद या खिडकीवर, एक त्या खिडकीवर, सही करणारा रजेवर. बरा झालेला माणूस खाटेवर, आणि पलीकडं मोडलेल्या पायाचा एक जण खाट नाही म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून.

हिशेब करा. खरी गरज फार तर आठ दिवसांची. बाकी सव्वीस दिवस कुणाचे होते? तात्याला नाक्यावर महिन्यातून पंधरा-सोळा दिवस काम लागतं, ते गेलं. चुलती चार घरी धुणं-भांडी करायची, दोन घरांनी दुसरी बाई बघितली. माझ्या नऊ पाळ्या बुडाल्या. मुकादम विचारतो तोंड बघून, हजेरी बघून नाही. हे कुठल्याच केसपेपरवर चढत नाही. केसपेपरवर लिहितात, उपचार मोफत.

फुकट कशाला म्हणता? आमचा दिवस घेतलात की!

आणि वॉर्डात सगळेच सारखे थांबत नव्हते. ज्याच्या ओळखीचा नगरसेवक, ज्याचा साडू ऑफिसात क्लार्क, त्याचा फोन यायचा आणि नाव यादीत वर सरकायचं. आमच्या वस्तीतल्या चार बाया त्याच वॉर्डात ठेकेदारीवर झाडू मारतात. त्या तात्याला चहा आणून देऊ शकल्या, तारीख नाही. जात आता माठावर बसत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा यादीवर बघावं.

२०१२ साली दुसऱ्या नावानं सुरू झालेल्या योजनेला २०१७ साली महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं. नावाबद्दल आमची तक्रार नाही. पण १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीमाईनं पाठीवर टाकून यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं, तेव्हा आधी त्याच्या बापाच्या नावाचं स्पेलिंग जुळवत बसली नव्हती. त्याच प्लेगानं १० मार्चला ती गेली.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात अडारकरांचा कामगार-आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराच्या दिवसाला किंमत आहे हे त्या कायद्यानं मान्य केलं: मजुरीच्या सत्तर टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण तो विमा नाक्यावरच्या माणसापर्यंत पोचलाच नाही. त्याच्यासाठी १९९६ चा बांधकाम कामगार कायदा झाला. नोंदणी हवी तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणा. खाटेवरचे चौतीस दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे इस्पितळानं खाल्लेले दिवस पुन्हा तात्याच्याच खात्यावर उधार.

खाजगी इस्पितळं बिलापायी माणूस अडकवतात, त्यावर बोंब तरी होते. सरकारी इस्पितळातलं अडकवणं कुणाला दिसत नाही, कारण तिथं कुलूप नसतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत लिहिलंय, की पेशंटला निव्वळ प्रक्रियेच्या कारणावरून इस्पितळात अडकवून ठेवता येणार नाही. सनद म्हणजे कायदा नव्हे, हे आम्हीही जाणतो. पण खिडकीवर ती दाखवायला काय हरकत आहे? चौतिसाव्या दिवशी आम्ही पाच पोरं तो कागद घेऊन उभे राहिलो. अर्ध्या तासात सही मिळाली. रजेवरचा साहेब जिन्यातच भेटला.

आमची मागणी साधी आहे. पेशंट आज का ठेवला, हे केसपेपरवर रोज लिहा आणि खाली सही करा. औषधासाठी, की रॉडसाठी, की सहीसाठी. आणि जो दिवस इस्पितळाच्या कारणानं गेला, त्याची किमान मजुरी द्या. गोदीला पोत्याचा दिवस मोजता येतो, तर म्युनिसिपालटीला माणसाचा का येऊ नये?

त्यासाठी आम्ही एक वही घातली आहे. तात्यासकट सतरा नावं झालीत. ज्यांच्या घरचं कुणी असं पडून होतं त्यांनी रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात यावं. केसपेपरची झेरॉक्स आणा. ती नसेल तर तारखा तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ. कुठल्या दिवशी कोण काय म्हणालं, तेही सांगा. चाळीस नावं झाली की वही घेऊन सगळे मिळून कमिशनरकडं जायचं आहे, कुबड्यावाल्यांसकट.

जय भीम.