भरतीच्या वेळी रोहितांनी जायचं कुठे?

"अभयारण्य दिलंय ना, मग शहरातली डबकी कशाला राखायची?" नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा स्वतःला व्यवहारी समजतो. खाडीचं वेळापत्रक मात्र त्याने कधी पाहिलेलं नसतं.

ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी 2015 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. चांगलंच झालं. पण रोहित तिथे चरतो तो ओहोटीला, चिखल उघडा पडल्यावर. भरतीत तो चिखल बुडतो आणि हजारो पक्ष्यांना काही तास टेकायला उथळ, निवांत पाणी लागतं. डीपीएस शाळेजवळचं तळं, एनआरआय संकुलालगतची पाणथळ, टीएस चाणक्यचा परिसर या त्या जागा. स्वयंपाकघर राखून झोपायची खोली बिल्डरला दिली, तर त्याला घर म्हणायचं का?

"पंख आहेत, जातील दुसरीकडे!" कुठे? नेरूळच्या जेट्टीच्या कामात खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, डीपीएस तळं आटत गेलं. 2024 च्या हंगामात तिथले पक्षी दुसरीकडे सुखाने नांदले नाहीत. त्या भागात रोहित मेलेले सापडले.

विमानांना धोका, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पक्षीप्रेमींनी त्याची टर उडवू नये. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मेले. म्हणून तळी बुजवायची? खाडीत चिखल आहे तोवर रोहित येणारच. चिखल ते तळं ही त्यांची ये-जा भरतीच्या तक्त्यावरून आधी ओळखता येते. तळंच नसेल, तर थवे जागा शोधत शहरभर घिरट्या घालतील, आणि नवी मुंबईच्या नव्या विमानतळाभोवतीची मोकळी ओलसर जमीन काही त्यांना वर्ज्य नाही. धोका टाळायचा असेल तर उलट तळी जपली पाहिजेत.

राहिला "हे नैसर्गिक नाही, कागदोपत्री भूखंड आहे" हा युक्तिवाद. भिगवणला रोहित उतरतात ते उजनी धरणाच्या फुगवट्यावर. भरतपूरचं केवलादेवही माणसाने बांध घालूनच घडवलं. पक्षी सातबारा पाहत नाहीत.

तेव्हा खाडी आणि या पाणथळ जागा मिळून एकच अधिवास मानावा, एकाच व्यवस्थापनाखाली आणावा. काठावर प्रखर दिवे नकोत, मोकाट कुत्र्यांना अटकाव हवा. आणि सगळ्यात आधी, भरतीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा मोकळ्या हव्यात. पावसाळा सरला की त्या उपसल्या का, हे दर वर्षी रोहित येण्याआधी नवी मुंबई महापालिकेने जाहीर करावं. चौकातल्या फ्लेमिंगोंच्या पुतळ्यांना रंग त्यानंतर दिला तरी चालेल.