ट्रॉलरमालकांचे भांडण आणि धाराशिवचे तलाव

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा टँकर, चारा छावणी आणि रखडलेल्या पीकविम्याच्या संदर्भात. अशा जिल्ह्यातील कार्यकर्त्यासमोर कोणी कोकणातील ट्रॉलरमालकांच्या भांडणाचा विषय काढला, तर तो प्रथम हसेल आणि मग विचारील की, परंड्याच्या आणि उमरग्याच्या माणसाला या उठाठेवीशी काय कर्तव्य? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. किनाऱ्यावर गेली पन्नास वर्षे जे घडले, त्याचीच छोटी आवृत्ती आता या जिल्ह्यातील तलावांवर निघू लागली आहे. तिचे स्वागत करणाऱ्यांत चळवळीचे हितचिंतकही आहेत, ही त्याहून काळजीची बाब आहे.

आधी भांडण काय आहे ते पाहू. झाईपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर मालकमंडळी एकत्र बसली की वाद कशावरून होतो? जुनी नौका घेताना अमक्याने तमक्याला फसविले. लाकूड आतून कुजलेले निघाले. इंजिन नवे म्हणून सांगितले, ते प्रत्यक्षात दुसऱ्यांदा उघडलेले होते. नौका घेतली, पण परवाना नावावर होईना. कोणी म्हणतो लाकडी बांधणीच खरी, कोणी फायबरची बाजू घेतो. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या योजनेत कोणाचे प्रकरण मंजूर झाले आणि कोणाचे अडकले, यावर तर दोन गट पडतात. डिझेल परताव्याची थकबाकी हा सर्वांना एकत्र आणणारा विषय; ती मिळाली की पुन्हा फाटाफूट. यातील प्रत्येक तक्रार खरी असू शकते. पण या सगळ्या कोलाहलात एक शब्द ऐकू येत नाही, तो म्हणजे खलाशी. जाळे ओढणारा, बर्फ फोडणारा, मासळी निवडणारा, वादळात डेकवर उभा असणारा माणूस या चर्चेत इंजिनाइतकाही येत नाही. इंजिन बिघडले तर त्याची चौकशी होते.

ही स्थिती एका दिवसात आली नाही. १९५२ च्या करारानुसार केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला. यांत्रिक नौका आल्याने मच्छीमाराचे श्रम वाचतील आणि त्याच्या ताटात चार घास जास्त पडतील, अशी त्यावेळी कल्पना होती. पुढे कोळंबीला परदेशात भाव आला आणि कल्पनेची दिशा बदलली. समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉल जाळे हे निर्यातीचे हत्यार झाले. महाराष्ट्रात राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून सहकारी संस्थांना यांत्रिक नौका मिळाल्या. कर्ज गटाच्या नावे निघाले तरी नौका अखेर एकाच्याच ताब्यात गेली, ही तक्रार किनाऱ्यावर जुनी आहे. गोव्यात रापण ओढणाऱ्यांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध जो लढा उभारला, त्याचे नेतृत्व मातान्ही साल्ढाणा यांनी केले. त्या लढ्यांच्या रेट्याने १९८० मध्ये गोवा व केरळ येथे आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. त्या वेळी ट्रॉलरमालक हा आक्रमक होता आणि रापणकर हा पीडित.

आज चित्र पाहावे. पर्ससीन जाळ्यांच्या नौका आल्या, त्यांच्या मागून एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्या नौका आल्या, आणि कालचा ट्रॉलरमालक स्वतःस 'पारंपरिक मच्छीमार' म्हणवून घेऊ लागला. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा मर्यादित झाला. २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांत नेला. हे निर्बंध आवश्यकच होते; मासळीची पिले जाळ्यात ओढून उद्याचा समुद्र आजच विकणाऱ्यांना आवर घालावयासच हवा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला, पण लहान आसाच्या जाळ्यांना ती घोषणा कोणी वाचून दाखविलेली दिसत नाही. परंतु निर्बंधांचा एक परिणाम कोणी बोलत नाही. शासन ज्या परवान्यांची संख्या गोठविते, त्या परवान्यांच्या कागदाला भाव येतो. लाकूड कुजते, परवाना कुजत नाही. सर्वांच्या समुद्रात जाण्याचा हक्क हा अशा रीतीने काहींच्या कपाटातील मालमत्ता बनतो. जुन्या ट्रॉलरवरील भांडणे नौकेवरून होतात असे दिसते; त्यांच्या मुळाशी हा कागद असतो.

जुन्या नौकांचा हा व्यवहार केवळ रत्नागिरी-रायगडपुरता नाही. १९९१ च्या खोल समुद्र धोरणाने परकीय जहाजांना संयुक्त उपक्रमाच्या नावाने भारतीय पाण्यात वाट करून दिली. देशभरच्या मच्छीमारांनी संप केले, थॉमस कोचेरी यांनी उपोषण केले, मुरारी समिती नेमावी लागली आणि १९९७ मध्ये तिच्या शिफारशी सरकारला स्वीकाराव्या लागल्या. त्सुनामीनंतर २००५ मध्ये युरोपीय संघाने आपल्याकडील नको झालेल्या मासेमारी नौका आशियातील आपद्ग्रस्तांना देण्याचा विचार मांडला. दान म्हणून तो छान दिसत होता. पण युरोपच्या समुद्रात नौका प्रमाणाबाहेर झाल्या म्हणून ज्या मोडीत काढावयाच्या, त्याच येथील थकलेल्या समुद्रात सोडावयाच्या, हा त्याचा अर्थ मच्छीमारांच्या संघटनांनी तत्काळ ओळखला आणि विरोध केला. वापरलेला ट्रॉलर म्हणजे एका ठिकाणी नफा आटल्यावर दुसरे पाणी शोधत निघालेले भांडवल होय.

आता खलाशाकडे वळावे, कारण धाराशिवच्या वाचकाला तो अपरिचित वाटणार नाही. हंगामापूर्वी त्याला उचल मिळते. उचल फिटेपर्यंत तो बांधलेला असतो. हंगामी पगारावर वा वाट्यावर तो राबतो, आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. मालक तांडेलाकडे बोट दाखवितो, तांडेल मालकाकडे. रत्नागिरीच्या बंदरांत नेपाळपासून आलेले खलाशी आहेत. मजूर जितका लांबून आणावा तितका तो मुका राहतो, हे सूत्र तेथेही लागू आहे. जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि खलाशी घरी पाठविला जातो. भूम, वाशी, कळंब भागातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याने हे वर्णन ऐकले, तर फक्त मुकादमाचे नाव बदलले आहे एवढेच त्याच्या ध्यानात येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये मासेमारीच्या कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला. नोकरीचा लेखी करार, विश्रांतीचे तास, वैद्यकीय मदत अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही, आणि त्यासाठी एखाद्या मालकसंघाने मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला तेव्हा मोठा जयघोष झाला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळतील असे सांगण्यात आले. मिळाव्यात. मात्र शेतीला शेतीचा दर्जा असून शेतमजुराच्या पदरात काय पडले, हे धाराशिवमध्ये कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. ज्याच्याकडे एकच जुनी नौका आहे, जो स्वतः सुकाणू धरतो, ज्याची बायको टोपली घेऊन बाजारात बसते आणि ज्याच्या घरावर बँकेची नोटीस आहे, त्याला मालक म्हणून शत्रूच्या रांगेत उभे करावयाचे काय? मुळीच नाही. तो कष्टकरीच आहे, आणि जुना ट्रॉलर महागात गळ्यात पडला तर बुडतो तो प्रथम. पण त्याचे दुःख पुढे करून पाच-पाच नौकांचे धनी अनुदान मागतात, आणि ते मिळाल्यावर त्याला वाऱ्यावर सोडतात, हेही तितकेच खरे. भेद करावयाचा तो नौकेच्या आकारावरून नव्हे. पाण्यावर कोण जातो आणि किनाऱ्यावर बसून कोण मोजतो, यावरून तो करावयाचा. समाजवादी कार्यकर्त्याने हा भेद सोडला आणि 'छोटे मालक विरुद्ध मोठे मालक' एवढ्या चौकटीत स्वतःला कोंडून घेतले, तर तो उद्या नव्या मालकाचा प्रचारक होईल. कारण आजचा छोटा उद्या मोठा होतो आणि पर्ससीन घेतो.

धाराशिवचा प्रश्न येथे सुरू होतो. सीना-कोळेगाव, माकणीचा निम्न तेरणा, चांदणी, खासापूर, बाणगंगा, तुरोरी अशी धरणे आणि गावोगावचे पाझर तलाव मिळून जिल्ह्यात पाण्याच्या पुष्कळ जागा आहेत. पाणी मात्र असेल त्या वर्षी. यांतील कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. खडी फोडून आणि डोक्यावरून माती वाहून बायाबापड्यांनी ते बांधले. मोठ्या धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी आपली गावे पाण्यात सोडली. या दोघांचा त्या पाण्यातील मासळीवर पहिला हक्क असावा, असे कोणत्याही साध्या माणसाला वाटेल. आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई समाजाचा. व्यवहारात तलाव ठेक्याने जातात. ठेका सहकारी संस्थेच्या नावे असतो, म्हणजे कागदोपत्री तो श्रमिकांचाच असतो. परंतु संस्थेची ठेक्याची रक्कम व्यापाऱ्याने भरली, मत्स्यबीज त्याने आणले, जाळी त्याने दिली, की सभासद हा आपल्याच तलावावर मजूर होतो. कटला नि रोहू काढावयाचा त्याने आणि भाव ठरवावयाचा दुसऱ्याने. त्याचे वाहन काय, तर थर्माकोलचा तराफा, फुगविलेली ट्यूब, फार तर पत्र्याची होडी. तिच्यावर कोणी भांडत नाही.

भांडण आता येऊ घातले आहे. २०२० साली केंद्राने २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा योजना आणली. तलावात पिंजरे, यांत्रिक नौका, शीतपेट्या, खाद्याचे कारखाने असे प्रकल्प तिच्यात आहेत. सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. आकडा ऐकून माणूस सुखावतो. उरलेले ६० किंवा ४० टक्के कोणी आणावयाचे? अनुदान खर्चानंतर हाती येते; मग तोवरचा खर्च कोणी सोसावयाचा? तराफ्यावरचा भोई सोसणार नाही, हे उघड आहे. म्हणजे त्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावाने प्रकरण करणारा कोणीतरी पुढे येईल, आणि दहा वर्षांनी तलावाच्या काठावर तीच भांडणे ऐकू येतील: जुनी मोटरबोट कितीला घेतली, पिंजऱ्यांचा सांगाडा कोणी विकला, ठेका कोणाच्या नावावर फिरला. ढोकीचा तेरणा साखर कारखाना वर्षानुवर्षे थंड पडून राहिला, तेव्हा वाद चालला तो तो कोणाला भाड्याने द्यावयाचा याचा. त्या यंत्रांवर आयुष्य काढलेल्या कामगाराचे काय, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. या जिल्ह्याला ही गोष्ट एकदा पाहून झाली आहे.

शिवाय धाराशिवचे पाणी समुद्रासारखे नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२३ मध्ये धाराशिव, लोहारा व वाशी हे तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात असा पूर आला की, छपरांवर अडकलेली माणसे काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नौका आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. तलाव आटला की मासळी मरते. सांडवा फुटून वाहू लागला की ती निघून जाते. दोन्ही वेळा तोटा जाळे टाकणाऱ्याचा. यंत्राचे कर्ज घेतलेल्याला मात्र हप्ता चुकत नाही, आणि तो भरण्यासाठी तलाव लहान मासळीपर्यंत उपसणे त्याला भाग पडते. किनाऱ्यावर लहान आसाची जाळी याच वाटेने आली.

यंत्र नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. थंडीच्या पहाटे थर्माकोलवर बसून जाळे ओढण्यात काही काव्य नाही. ज्यांना ते दिसते त्यांनी एकदा बसून पाहावे. होडी हवी, शीतपेटी हवी, पिंजराही चालेल. तो संस्थेच्या मालकीचा असावा, विकता येऊ नये, आणि संस्थेत मत असावे ते पाण्यावर जाणाऱ्यास. ठेक्याची रक्कम दुष्काळात व पुरात माफ व्हावी, बीज शासनाने वेळेवर द्यावे, अनुदानापूर्वीचा खर्च जिल्हा बँकेने संस्थेस कर्जाऊ द्यावा, या मागण्या तहसील कचेरीपुढे मांडण्याजोग्या आहेत. त्याआधी एक काम तालुका समित्यांनी स्वतः करावयाचे आहे. प्रत्येक मत्स्य संस्थेची सभासद-यादी सहायक निबंधकांच्या कार्यालयातून मागून घ्यावी आणि ती हाती घेऊन सकाळी सहा वाजता तलावावर जावे. परंड्यात सीना-कोळेगाव आणि लोहाऱ्यात माकणी येथून सुरुवात करता येईल.