मोजलेलं ताट आणि निवडलेली भाजी

वजन उतरवण्याचे वाद आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत नागपूरमार्गेच येतात. आधी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांचा बोलबाला होता. पुढे त्यांच्याच विचाराला धरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेलं ‘दिवसातून दोनदाच, तेही 55 मिनिटांच्या आत’ हे सूत्र घरोघर पोचलं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकणाऱ्या होत्याच: आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला घाबरू नका. आता तिसरा पक्ष आला आहे, मोबाइलवर कॅलरी मोजणाऱ्या मुलांचा. काय खाल्लं याला महत्त्व नाही, किती कॅलरी पोटात गेल्या तेवढंच खरं, असं ही मुलं ठामपणे सांगतात.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी 2010 साली दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि बिस्किटं खाल्ली. सोबत प्रथिनांचं पेय आणि थोड्या भाज्या होत्या, पण रोजची मर्यादा 1800 कॅलरींच्या आसपास ठेवली. त्यांचं वजन सुमारे 12 किलोंनी उतरलं. तेव्हा घरचं आहे, साजूक तुपातलं आहे म्हणून ते अंगी लागत नाही, असं नाही. आपल्याकडे आग्रहानं वाढलेली तिसरी पुरणपोळीही शरीराच्या हिशेबात जमा होतेच.

पण हॉब मोजून खात होते. आपण भुकेनं खातो, आणि भूक कुठे थांबते हे ताटात काय आहे यावर ठरतं. 2019 साली संशोधक केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं रांधलेलं. वाढलेल्या ताटात कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू सगळं जवळपास सारखं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. त्या दोन आठवड्यांत वजन सरासरी 0.9 किलोनं वाढलं, साध्या जेवणावर तितकंच उतरलं. कुणावर जबरदस्ती नव्हती, कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. अन्नाचा दर्जा आणि कॅलरी हे दोन वेगळे पक्ष नाहीत, हे मला या प्रयोगानं पटवलं. आपण किती खाणार, हे मोठ्या प्रमाणात अन्नाचा दर्जाच ठरवतो.

वजनकाट्यावर दिसत नाही असाही एक भाग आहे, आणि तो आपल्यालाच जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय आतून चरबीचा असू शकतो. अशा माणसानं नुसतं कमी खाल्लं, प्रथिनं घेतली नाहीत आणि हातपाय हलवले नाहीत, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली गेल्याचा आनंद मग फसवा ठरतो.

छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला तर दर्जेदार अन्न शोधत फिरायची गरज नाही. शास्त्री बाजारात पहाटे गेलं तर लाल भाजी, चेंच, हरभऱ्याचा पाला, तिवरा म्हणजे आपली लाखोळी, अमारी म्हणजे अंबाडी, मुनग्याचा पाला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भोकराच्या कळ्यांची महागडी बोहार भाजी, असं ऋतूप्रमाणे बदलत जाणारं वैभव मांडलेलं असतं. 100 ग्रॅम लाल भाजीत 30-35 कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या बिस्किटांत साडेचारशेच्या वर. मात्र फोडणीला हात सैल सुटला तर चहाच्या चमचाभर तेलालाच 40-45 कॅलरी पडतात, हे मोबाइलवाल्यांचं गणित इथे मी खुशाल उसनं घेते.

आमची खरी अडचण भाताची आहे. हा धानाचा प्रदेश, ताटात भाताचा डोंगर आणि कडेला वरण. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितली आहे. 2022 साली 1 मेला सरकारी पातळीवर ज्या बोरे बासीचा, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताचा, गौरव झाला, ती उन्हात राबणाऱ्या माणसाचं उत्तम जेवण आहे. दिवसभर दुकानात बसणाऱ्यानं ती वाटीभर घ्यावी आणि सोबत कांदा, भाजी, दही भरपूर घ्यावं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मात्र कुणी हिशेबात धरत नाही. हॉल यांच्या प्रयोगात ताजं अन्न महाग पडलं होतं. रायपुरात बोहार सोडली तर पालेभाजी स्वस्तच, पण तिची किंमत वेळात चुकवावी लागते. चेंच भाजी निवडायची, चार पाण्यांतून माती काढायची, चिरायची. हे काम जवळजवळ प्रत्येक घरात एकच बाई करते, बहुधा नोकरीवरून आल्यावर. तिनं थकून पाकीट फोडलं तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. डॉक्टर आहाराचा कागद नवऱ्याच्या नावानं लिहून देतात आणि राबते बायको. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला वजन उतरवायचं आहे त्यानं स्वतः शास्त्री बाजारात जावं, जुडी आणावी आणि संध्याकाळी पेपर पसरून ती निवडायला बसावं. ते जमायला लागलं की मग कॅलरी मोजायच्या की नाही, याचा निर्णय खुशाल घ्यावा.