अल्ब्युमिनची बाटली कुणी आणायची?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,



जलोदर झालेल्या माणसाच्या घरी शेजारीपाजारी हमखास सांगतात, ‘पोटातलं पाणी काढू नका, पाणी काढलं की माणूस टिकत नाही.’ या भीतीला अडाणीपणा म्हणू नये. सिऱ्हॉसिसमध्ये यकृत निबर होते, त्यातून रक्त वाहायला अडथळा येतो आणि पोटात पाणी साचते. एका वेळी पाच लिटरहून जास्त पाणी काढून शिरेतून अल्ब्युमिन दिले नाही, तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दोष सुईवर येतो. न मिळालेल्या बाटलीबद्दल कुणी बोलत नाही.

काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचे असते. वीस टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत ते २० ग्रॅम असते. म्हणजे आठ लिटरला तीन बाटल्या. माणसाच्या रक्तद्रवापासून बनणारी ही बाटली काही हजारांना पडते, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या जलोदरात पाणी काही आठवड्यांत पुन्हा भरते. दर खेपेला मेडिकलच्या काउंटरवर नातेवाइकांनी ‘तूर्त एकच द्या’ म्हणायचे का?

आपल्याकडे मागणे असे: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पाणी काढण्याचा वार ठरवावा आणि त्या दिवशी अल्ब्युमिन मोफत मिळावे. जलोदराचा रुग्ण दाखल होताच पहिल्याच दिवशी सिरिंजभर पाणी काढून पेशी मोजाव्यात. घन मिलिमीटरमागे न्यूट्रोफिल पेशी २५० च्या वर गेल्या, तर पाण्यात संसर्ग झाला असे धरून, कल्चरची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू व्हावे. हा संसर्ग कधी ताप, पोटदुखी न दाखवताही जिवावर बेततो. घरी सोडताना मराठीत छापलेले पथ्य हाती द्यावे: मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, लोणचे-पापड बंद, डाळ-अंडी मात्र चालू, अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको.

‘दारू पिताना कळलं नाही का?’ हा प्रश्न वॉर्डात फार ऐकू येतो. बी आणि सी हिपॅटायटिस किंवा फॅटी लिव्हरनेही यकृत असेच निबर होते. हिपॅटायटिसवर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत औषधे मिळतात, हे चांगलेच. पण ज्यांचे पोट आज पाण्याने तटतटले आहे, त्यांचे काय? आणि दारूनेच झाले असले, तरी उपचार नाकारायला ते कारण पुरत नाही.

औषधखरेदीची पुढची मागणी नोंदवण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात किती लिटर पाणी काढले जाते, तेवढे मोजायला सांगा. किती बाटल्या लागतील, ते त्याच हिशेबातून निघेल.

आपला,
एक रुग्णनातेवाईक