किल्ल्या कोणाच्या कमरेला?

आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेचे वृद्ध लेखनिक गेल्या वर्षी अकस्मात निवर्तले. बँकेचे खाते, प्राप्तिकराचे विवरण, विजेचे देयक, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, या साऱ्यांचे पासवर्ड काही त्यांच्या स्मरणात, तर काही खिशातल्या वहीत होते. वही सापडली नाही. शिष्यवृत्तीची मुदत टळू नये म्हणून कार्यकर्त्यांना तीन आठवडे कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले. घरोघरी थोडीफार हीच अवस्था आहे. कर्त्या पुरुषाबरोबर किल्ल्याही जातात.

यावर 'पासवर्ड मॅनेजर' नावाची सोय आहे. ही एक सांकेतिक तिजोरी होय. तिचा एकच दीर्घ परवलीचा शब्द लक्षात ठेवायचा. बाकीचे शेकडो शब्द ती सांभाळते. मजकूर आपल्या यंत्रावरच कूटरूपात बदलतो आणि मगच बाहेर जातो. सोय उत्तमच. परंतु ती तिजोरी बहुधा कोणा परकीय कंपनीच्या संगणकावर असते.

२०२२ साली 'लास्टपास' या अमेरिकी कंपनीत जे घडले, ते या संदर्भात उद्बोधक आहे. ऑगस्टमध्ये घुसखोरी झाल्याचे कंपनीने सांगितले. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी नेल्याची कबुली मात्र डिसेंबरात दिली. आतील पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. कोणाचे खाते कोणत्या बँकेत, हे चोरांना आयते कळले. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांच्या तिजोरीवर आता चोर आपल्या घरी बसून, वाटेल तितका काळ घाव घालू शकतात. आणि शिरकाव कोठून झाला? कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातील, चित्रफिती पाहण्याच्या एका जुन्या सॉफ्टवेअरच्या छिद्रातून!

चोरीइतकीच चिंता परावलंबनाची आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने 'नायरा एनर्जी'ची सेवा थांबविली. या कंपनीत रशियन 'रोसनेफ्ट'चा मोठा वाटा आहे हे खरे. परंतु गुजरातेतील वाडीनारचा तिचा तेलशुद्धीकरण कारखाना भारतीय कायद्याखाली चालतो. पैसे भरलेल्या सेवेसाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. सेवा पूर्ववत झाली, हा भाग वेगळा.

तेव्हा तिजोरी आपल्याच संगणकावर ठेवावी, हा विचार पुढे येतो. 'बिटवॉर्डन'ची मूळ संहिता कोणालाही पाहता येते आणि तिचा सर्व्हर आपल्या यंत्रावर चालविता येतो. तिच्याशी जुळणारी 'व्हॉल्टवॉर्डन' ही स्वयंसेवकांनी रचलेली हलकी आवृत्ती 'रास्पबेरी पाय'सारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते. पण ही तरी कोठे स्वदेशी, असे कोणी विचारील. विचारावेच. बिटवॉर्डनही अमेरिकीच आहे. तथापि संहिता उघडी आहे आणि यंत्र आपल्या कपाटात आहे. सकाळी उठून कोणी ते बंद करू शकत नाही. तोच सर्व्हर एखाद्या परदेशी कंपनीच्या भाड्याच्या यंत्रावर चढविला, तर बंद करण्याची कळ पुन्हा दुसऱ्याच्याच हाती गेली.

येथे उत्साही मंडळींना थोडे थांबवावेसे वाटते. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष आहे, असे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' सांगते. आपल्या कपाटातल्या यंत्रालाही हे लागू पडते. त्याची चकती एक दिवस निकामी होणारच. म्हणून तिजोरीच्या दोन प्रती हव्यात, त्यांतील एक इमारतीबाहेर. सुधारणा वेळच्या वेळी चढवायला हव्यात. अन्यथा त्या अभियंत्याची आणि आपली गत एकच. यंत्र थेट इंटरनेटवर उघडे न ठेवता व्हीपीएनच्या खासगी जोडणीतूनच त्याच्याशी संपर्क व्हावा. मुख्य शब्द विसरल्यास तो काढून देणारे कोणी नसते, म्हणून तो कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात ठेवावा. आणि हे सारे जाणणारी किमान दोन माणसे असावीत. शिवछत्रपतींनी गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांत वाटला होता, तो उगाच नव्हे.

ज्या कुटुंबात अशी दोन माणसे नाहीत, त्यांनी सर्व्हरच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००३ पासून उपलब्ध असलेले 'कीपास' त्यांना पुरेसे आहे. सर्व पासवर्ड एका कूटबद्ध फाईलमध्ये आपल्याच संगणकावर राहतात; सर्व्हर लागत नाही, मूल्यही नाही. त्या फाईलच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि पाकीट पत्नीच्या स्वाधीन केले की झाले.

संस्थांचे तसे नाही. तेथे माणसे बदलतात, किल्ल्या अनेकांना लागतात. आरंभी उल्लेखिलेल्या संस्थेत दोन तरुण अभियंत्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात यंत्र बसविले आहे. पाकीट कोषाध्यक्षांकडे आहे. दिवाळीच्या सुटीत राखीव प्रतीवरून सारे पुन्हा उभे करण्याची पहिली चाचणी झाली, तेव्हा ती प्रत रिकामीच निघाली! महिनाभर भलतेच दप्तर नकलले जात होते. मूळ यंत्र शाबूत असल्याने निभावले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही चाचणी होते.