नैराश्याची गोळी : निर्णय कोणाचा?



डॉक्टरांनी नैराश्यावर गोळी लिहून दिली की वस्तीत चर्चा सुरू होते. सासू म्हणते, "वेड्याची गोळी आहे, एकदा लागली की सुटत नाही." नवरा म्हणतो, "हिला काय कमी आहे? नुसतं टेन्शन घेते." शेजारीण म्हणते, "आमच्या भावाला दिली होती, दिवसभर झोपूनच असायचा." विहारातले कोणी सांगते, "विपश्यनेला पाठवा, गोळ्याबिळ्या नकोत." सगळे बोलतात. जिच्या हातात ती चिठ्ठी असते, तिला मात्र कोणी विचारत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला हे घरोघरी दिसते. आमचे मत असे की ही गोळी सगळ्यांना लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांना ती भीतीपोटी नाकारू नये. निर्णय रुग्णाने डॉक्टरांशी बोलून, पूर्ण माहिती घेऊन करायचा. घरच्यांनी साथ द्यायची, निकाल द्यायचा नाही.

आधी हे नैराश्यच आहे का?

माणूस गेला, काम सुटले, घर तुटले तर दुःख होणारच. ते आजारपण नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, कामावर जाणे किंवा स्वयंपाक करणेही जड होते, तेव्हा डॉक्टरांना दाखवायला हवे. आपल्या बायका "मन उदास आहे" असे म्हणत नाहीत. त्या "डोकं दुखतं, अंग दुखतं, छातीत धडधडतं" असे सांगतात आणि वर्षभर सलाईन आणि ताकदीची इंजेक्शने घेत राहतात.

थायरॉईड बिघडले किंवा रक्त कमी झाले तरी असाच थकवा येतो. म्हणून ती तपासणी करून घ्या. दारूनेही नैराश्य वाढते. "टेन्शन घालवायला पितो" म्हणणाऱ्याचे टेन्शन दारूच वाढवत असते.

गोळी कोणाला?

आजार सौम्य असेल तर बहुतेक वेळा सुरुवात गोळीने करावी लागत नाही. समुपदेशन, रोजचे चालणे, ठरलेल्या वेळी झोप, माणसांत मिसळणे यांनी फरक पडतो. आजार मध्यम किंवा तीव्र असेल, खाणेपिणे सुटले असेल, मरणाचे विचार येत असतील, किंवा आधीही असे झाले असेल, तर गोळीचा फायदा जास्त असतो. गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळाले तर आणखी चांगले.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तिथे 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले. त्यांनी नैराश्य तीव्र असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचे, सोडून दिलेली लहान लहान कामे पुन्हा सुरू करायला लावायची, अडचणीतून वाट काढायला मदत करायची. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी, ज्यांना असे समुपदेशन मिळाले त्यांच्यातील शंभरातील 64 जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातील नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण 39 होते. हे काम आपल्याकडची शिकलेली मुलगीही करू शकते.

गोळी सुरू केली तर

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही नेहमी दिली जाणारी औषधे. ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाहीत. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, डोकेदुखी, बेचैनी, झोपेत बिघाड होऊ शकतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात लोक "लागू पडत नाही" म्हणून गोळी फेकून देतात. शरीरसंबंधाची इच्छा कमी होणे हाही एक दुष्परिणाम आहे. लाजून गप्प राहू नका, डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येते.

पंचविशीच्या आतील मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी तेव्हा जवळ राहावे, विषारी औषधे आणि गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये, आणि असे काही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात अफाट उत्साह, बडबड, पैशांची उधळण असा काळ आला होता का? गरोदर आहात किंवा बाळाला पाजता का? दारू घेता का? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन घेणाऱ्यांनी तर जरूर सांगावे, कारण यातील अनेक गोळ्यांबरोबर ती घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सवय लागते का?

हा सर्वांत मोठा प्रश्न. दारू-तंबाखूची लागते तशी या गोळ्यांची तलफ लागत नाही. पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणे, अंगात झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. म्हणून बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवायची, आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करत बंद करायची. गोळी सुरू करताना जेवढे विचारता, त्याहून जास्त बंद करताना विचारा.

सवय लागते ती दुसऱ्या गोळीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळ्या अनेक जण मेडिकलमधून परस्पर आणतात आणि तीच "डिप्रेशनची गोळी" समजतात. ती नैराश्य बरे करत नाही. आपल्याला कोणती गोळी दिली आहे, हे नाव वाचून विचारून घ्या.

गोळी घेणे म्हणजे कमजोरी नव्हे

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत. त्यांना आपण मनाचे कमजोर म्हणतो का? मग मनाच्या आजाराला औषध घेणाऱ्या सुनेला का म्हणतो? विपश्यनेबद्दल आम्हाला आदर आहे. पण विपश्यना केंद्राच्या नियमांतच म्हटले आहे की शिबिर हे वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही. शिबिरासाठी गोळी अचानक बंद करू नका. अर्ज भरताना आजार लपवू नका.

आणि हेही खरे, की गोळीने घरभाडे भरले जात नाही, जीन्सच्या कारखान्यातला मजुरीचा दर वाढत नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही, जात विचारणारा घरमालक सुधारत नाही, मारणारा नवरा बदलत नाही. ती लढाई वेगळी आणि ती लढायचीच आहे. पण अंथरुणातून उठताच येत नसेल तर माणूस लढणार कसा? उठण्यापुरते बळ औषधाने येत असेल तर ते घ्यायला लाजू नये. उलट, नुसती गोळी देऊन "आता गप्प बसा" म्हणणारी व्यवस्थाही आम्हाला मान्य नाही.

आपला हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा, आणि आपला आजार, औषध व त्याचे दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हे उपचार मोफत आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात केस पेपर काढतानाच मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. नसतील तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे गेले म्हणजे भरती करतात असे नाही. मरणाचे विचार येत असतील तर 14416 हा टेलिमानस क्रमांक रात्री-अपरात्रीही मोफत लागतो, मराठीत बोलता येते.

पण ज्याची रोजी बुडते त्याला गोळीसाठी दर महिन्याला ठाणे परवडत नाही. गोळ्या आपल्या गावच्या सरकारी रुग्णालयात नियमित मिळाल्या पाहिजेत आणि समुपदेशक नेमला पाहिजे, ही मागणी महिला मंडळांनी लेखी करावी. आणि प्रत्येक विहारात, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, अर्धा तास या आजारावर उघड बोलावे. घरात कोणी गोळी घेत असेल तर आज एवढेच विचारा, "कसं वाटतंय? पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी सोबत येऊ का?"