कॅराव्हॅनला नळ, कोपीला काय?

सध्या हापिसातल्या निम्म्या मंडळींना कॅराव्हॅनचं वेड लागलंय. थंडीत गाडीलाच घर करायचं, मोकळ्या माळावर दोन-तीन महिने मुक्काम ठोकायचा आणि तिथूनच कॉल घ्यायचे. हौसेला मोल नाही, माझी काही तक्रारही नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी चक्क कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. पार्कमध्ये पाणी, वीज, स्वच्छतागृहं हवीत, असं त्यात आहे. उत्तम!

आता जरा चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारा रस्ता धरा. दिवाळीच्या आगेमागे दौंड-शिरूर पट्ट्यात बीड, पाथर्डीकडची माणसं ट्रक-ट्रॅक्टरमधून उतरतात. सोबत भांडीकुंडी, बैल, कोंबड्या आणि पोरं. जिथे जागा मिळेल तिथे बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी उभी राहते. मुक्काम थेट उन्हाळ्यापर्यंत. थंडीतला एवढा लांब मुक्काम आपल्यातला एक तरी कॅराव्हॅनवाला करतो का? पण ह्यांच्यासाठी नळ, दिवा, संडास ह्यांची विचारपूस कोण करतं?

कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, माझं काम संपलं. आपल्याकडे असा बग दोन टीम एकमेकींकडे ढकलत बसल्या, तर मॅनेजर दोघींनाही फैलावर घेतो. इथे मॅनेजरच नाही! १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राहण्याच्या सोयीबद्दल बोलत होता, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून दौंडला येणारा त्यात बसतच नव्हता.

नवरा-बायको मिळून इथे ‘एक कोयता’ धरतात. माणसं दोन, हिशेबात अवजार एक. त्यातल्या बाईने दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या वाहायच्या आणि आडोशाला जायला अंधाराची वाट बघायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक असतील. खाडा पडला की पैसे कापले जाण्याची भीती त्यात आहे, तशी पाळीच्या दिवसांत पाणी आणि आडोसा नसणंही आहे.

अंधाराचंच म्हणाल, तर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने तीन जीव घेतले. ते तर गावातले, पक्क्या घरांत राहणारे लोक होते. उसाला खेटून असलेल्या कोपीत, प्लॅस्टिकच्या कागदाआड झोपलेल्या पोराचं काय?

‘अहो, ते तात्पुरते असतात हो!’ असं आपल्यातलेच सुशिक्षित लोक म्हणतात. आपण दोन दिवसांच्या ट्रेकला गेलो तरी आधी विचारतो, तिथे टॉयलेट आहे ना? मग वर्षातले पाच-सहा महिने तात्पुरते कसे? महामंडळं, वसतिगृहं होताहेत, व्हायलाच हवीत. पण मुक्कामाची जागा तशीच राहिली, तर त्यांचा रात्रीच्या अंधारात काय उपयोग?

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. दर हंगामाला कारखान्याला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो आणि ते कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. शेतकऱ्यांची देणी थकवली की हाच परवाना अडवला जातो. म्हणजे बटण आहे आणि ते चालतंही! त्यात अजून एक अट घाला: तोडकऱ्यांच्या तळावर पाणी, दिवे आणि बायकांसाठी संडास नसतील, तर परवाना नाही. आणि तपासणी मोळी टाकायच्या आधी, तळावर जाऊन, कागदावर नाही.

खर्च वाढेल, साखर महागेल? महागू दे. आपल्या कॉफीत चमचाभर जाते, तेवढा भाव आपण देऊ शकतो.